अंतरपाटाआडची वायर

मंडळी, बुक्का लागला, हार गळ्यात पडला, आता जरा सरसावून बसा. उत्तररंगाला एक प्रश्न घेतलाय. देवानं माणसाला कान दिले. पण ऐकतं कोण? कान ऐकतात? मन ऐकतं? का – खरं सांगा हं – आपला मोठेपणाच ऐकतो?

म्हणा माझ्यामागं –

कान देवाजीनं दिले, ऐकणं हे माझं काम!

वा! तबलजी, जरा सबुरीनं. गाडी चुकत नाही आपली.

तर मंडळी, ऐका. कथा पुराणातली नाही. आपल्या मिरजेतली आहे! जिथं तंबोरा जन्माला येतो, त्या गावातली! तारेखाली सुताचा धागा सरकवायचा – केसभर इकडं, केसभर तिकडं – आणि जवारी लागली की अख्खा तंबोरा बोलायला लागतो. धाग्याची किंमत काय? काही नाही! फरक केवढा? आभाळाएवढा! हा असला बारीक फरक ओळखणारा कान आहे आपल्या गावचा. मला अभिमान आहे त्याचा. का नसावा?

या गावात त्र्यंबकराव अभ्यंकर म्हणून गृहस्थ. रेल्वेत गार्ड होते. हिरवा झेंडा दाखवण्यात जन्म गेला. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई सुरेख भजन म्हणायच्या. आता त्या नाहीत. मागं राहिली एक कॅसेट. दत्तजयंतीला याच मंडपात गायल्या होत्या, तेव्हा कुणी तरी भरून ठेवलेली. त्र्यंबकराव रोज सकाळी ती लावायचे. दाढी करताना लावायचे, चहा उकळताना लावायचे. कॅसेट गातेय, दूध उतू जातंय – चाललंय!

एकदा पुण्याला गेले. तिथं एका दुकानात एका शहाण्यानं त्यांना गाठलं. म्हणाला, काका, यंत्रापासून स्पीकरपर्यंत जी वायर जाते ना, तिथं आवाज गळतो. आमची वायर घ्या. गाणारं माणूस खोलीत येऊन बसेल.

खोलीत येऊन बसेल! आता सांगा मंडळी, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, तो या वाक्यापुढं किती वेळ टिकणार? घेतली वायर. किंमत सांगत नाही मी. देवळात बसलोय, खोटं बोलतो म्हणाल! मनगटाएवढी जाड, वर रेशमाची वीण, आणि ठेवायला मखमलीची पेटी. आमच्या देवाला नाही हो तसली पेटी!

घरी आणली. लावली. आणि त्र्यंबकरावांचे डोळे भरले. कारण आजवर कधी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं. ओळ संपली, की बाईंनी श्वास घेतला. आणि श्वासाच्या आधी बांगडी वाजली. किण्. एवढीशी. मनोरमेची बांगडी!

मग काय विचारता! साऱ्या गल्लीत सांगत सुटले. पण गाव मिरज. इथं कुणी नुसतं ऐकून घेतो होय? लोक म्हणाले, वायरनं काय होतंय, त्र्यंबकराव, तुम्हाला भास होतोय. भास! तो शब्द त्यांच्या फार जिव्हारी लागला. वायर खोटी ठरली तर ठरो, पण बांगडी खोटी ठरली तर त्या माणसाजवळ राहिलं काय?

चिडले. म्हणाले, या रविवारी सगळे माझ्या घरी. मी मिरजेचा आहे. पडदा धरा, आड कुठलीही वायर लावा, मी ओळखून दाखवतो.

रविवारी सकाळी माजघर भरलं. वायर बदलायला कोण? हुसेनभाई शिकलगार. शेजारी, जिवाचे दोस्त, आणि त्या दत्तजयंतीला तबल्यावर तेच होते. आता पडदा हवा. त्र्यंबकरावांनी ट्रंक उघडली आणि काय काढलं असेल? स्वतःच्या लग्नातला अंतरपाट! कुंकवानं काढलेलं स्वस्तिक फिकट झालेलं. जमलेल्यांतल्या दोघांनी दोन टोकं धरली. पलीकडं हुसेनभाई आणि यंत्र, अलीकडं त्र्यंबकराव. मागून एका म्हातारीनं सवयीनं म्हटलंच, "सावधान!" सगळे हसले. त्र्यंबकरावही हसले.

लागली कॅसेट. ऐकली, ओळखलं – ही जुनी वायर. पुन्हा लावली – हीसुद्धा जुनीच. पुन्हा लावली आणि त्र्यंबकराव गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "हीच ती! श्वास बघा किती जवळ आलाय."

हुसेनभाईंनी अंतरपाट खाली करायला सांगितला. पाहतात तो स्पीकरला कुठली वायर? यंत्राच्या खोक्यातून फुकट आलेली! आणि आधी जिला दोनदा 'जुनी' म्हणून हिणवलं, ती? रेशमाची!

कुणी हसलं नाही. हे मिरजेचं मोठेपण, बरं का. त्र्यंबकरावांनी मग हळूच विचारलं, "हुसेन, मग बांगडीसुद्धा भासच?"

"नाही," हुसेनभाई म्हणाले. "वहिनी डाव्या हातानं मांडीवर ताल धरायच्या. मी हातभर अंतरावर होतो. बांगडी वाजायची. दोन्ही वायरींत वाजतेय, त्र्यंबक. आत्तासुद्धा वाजली."

दोन्हींत वाजतेय! म्हणजे रोज वाजत होती. दाढी करताना वाजत होती, दूध उतू जाताना वाजत होती. मग रेशमी वायर आली त्याच दिवशी का ऐकू आली? सांगा! काय झालं होतं त्या दिवशी?

मंडळी, हे त्र्यंबकरावांनी स्वतः शोधलं, आणि भरल्या घरात उभं राहून सांगितलं. "मी फसलो. दोन्ही वायरी सारख्याच. पण नवी आली त्या दिवशी मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसलो होतो. खिडकी लावली होती. पंखा बंद केला होता. ती जिवंत होती तेव्हा मी गाडीवर, नाही तर पेपरात. तिच्यासाठी पंखा मी कधी बंद केला नाही."

हा माणूस आमच्या गावचा! कान चुकला त्याचा, चुकू दे. चुकलेला कान चारचौघांत कबूल करायचा आणि तिथंच न थांबता खरं काय ते शोधायचं – याला जवारी लागणं म्हणतात! माझी छाती फुगते हे सांगताना. फुगणारच!

ती वायर आजही तिथंच आहे. लोक म्हणतात, विकून टाका. ते म्हणतात, राहू दे, हिनं मला पंखा बंद करायला लावला.

आता तुमच्याकडं वळतो. हसताय काय? लग्नात तुमच्यासमोरही अंतरपाट धरला होता. भटजी काय म्हणाले होते? सावधान! म्हणजे लक्ष दे, बाबा! अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि तो शब्द आपण मांडवातच विसरून आलो.

आज घरी जाल. कुणी तरी काही तरी सांगत असेल. भाजीचं असेल, गुडघ्याचं असेल, दहा वेळा ऐकलेलं असेल. मंडळी, उठा आणि पंखा बंद करा. बांगडी आज वाजतेय.

कान देवाजीनं दिले, ऐकणं हे माझं काम!