पाणी भरपूर पितेस ना?

नात : म्हणजे त्या बाईंच्या पत्राला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत, आजोबा?

आजोबा : लिहिलं होतं गं. पाच-सहा वेळा. दर वेळी वाटायचं, मुलगा गेलेल्या आईला माझी ही वाक्यं काय कामाची? फाडून टाकायचो.

नात : दोन वर्षं! घरात एवढं वाचणारे तुम्हीच, म्हणून आईनं तुमच्याकडे दिलं होतं.

आजोबा : तिथंच चुकलं तिचं.

नात : काय विचारलं होतं त्यांनी?

आजोबा : एवढंच. ‘माझ्या मुलाची किडनी नीट चालते ना? पाणी भरपूर पितेस ना? पाण्यासाठी त्याच्या फार मागे लागावं लागायचं.’

नात : आणि तेव्हा मी बाटल्याच्या बाटल्या रिचवत होते.

आजोबा : हो. नुसतं ‘हो’ लिहिलं असतं तरी पुरे होतं.

नात : मग आता लिहा.

आजोबा : आता? परवापासून पुन्हा डायलिसिस. पाणी तर आई आत्तापासूनच मोजून देते. काय लिहू? त्यांच्यासाठी तो दुसऱ्यांदा जाईल गं.

नात : आणि मीच हेळसांड केली, असं वाटेल.

आजोबा : एक गोळी चुकवली नाहीस तू.

नात : ते लिहा की!

आजोबा : तू सांग. मी नुसता लिहितो. सुधारणार नाही.

नात : लिहा. ऑपरेशननंतर पिशवीत लघवी आली, तेव्हा आई नर्सच्या गळ्यात पडली.

आजोबा : लघवी... असंच लिहू?

नात : मग काय, अत्तर लिहिता? पुढे लिहा. सहलीत माझ्यापायी बस सारखी थांबवावी लागली. सगळ्या मैत्रिणी वैतागल्या. मी मात्र खूश.

आजोबा : ...‘खूश’. पुढे?

नात : दोन वर्षं भरपूर पाणी प्यायले. आता किडनी बंद पडत आलीय. डॉक्टर म्हणतात, शरीरानंच नाकारली. मी सगळं वेळेवर केलं होतं.

आजोबा : आणि शेवटी? काहीतरी धीराचं?

नात : आहे तुमच्याकडे?

आजोबा : नाही.

नात : मग द्या इकडे, सही करते.

(तासाभरानं.)

नात : टाकलंत?

आजोबा : टाकलं. रुग्णालयाच्या पत्त्यावर. ते पोचवतील त्यांना.

नात : रडतील त्या.

आजोबा : रडतील. ...ओठ सुकलेत तुझे. बर्फाचा खडा आणू?

नात : नको. आत्ता घेतला तर रात्रीला पाणी उरत नाही.