जेटच्या मेकॅनिकचे कान

बायको गेल्यापासून कानाच्या डॉक्टरांकडे मी एकटाच येतो. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजी ओरडूनच बोलत होत्या.

"यंत्र लावणार नाही म्हणजे?"

"पहिल्यावहिल्या लढाऊ जेटचा मेकॅनिक होतो मी!"

"त्या जेटनंच कान खाल्ले तुमचे."

"पत्र्यावर हात ठेवून इंजिनाचं दुखणं सांगायचो. कान लागलेच नाहीत."

"म्हणून मी बोलताना पाठीवर हात ठेवता होय? मी काय विमान आहे?"

"आवाज तेवढाच आहे."

"मग लावा की यंत्र. माझा घसा तरी सुटेल."

"आणि हात कुठे ठेवू?"

"तिथेच ठेवा. मी कधी झटकलाय?"

"...बरं. एकाच कानाला लावेन."