मायसाठी निवडक गाणी

माझ्यासारखी येडी अख्ख्या बेला गावात दुसरी नसन, बायांनो. बाबा भीमगीत पार्टीत कोरसला व्हते. ते गेल्यावर मायसाठी म्या पार्टीच्या जुन्या कॅसेटातली निवडक गाणी पेनड्राइवमधी भरली. कोरसमधी कोणीतरी एक गडी घाई करून सगळ्यायच्या आधीच सुरू व्हाचा. अशी गाणी म्या काढूनच टाकली. एकदम साफ माल!

मायनं डोळे मिटून सगळी गाणी आयकली. मंग म्हणे, "पोरी, यात तुहा बाप काऊन नाही?"

"अवं माय, सगळ्या गाण्यात हायेत, कोरसमधी."

"नाही. तो आधीच सुरू होते. त्याले कोठी ठेवलं?"

म्या हळूच म्हटलं, "मले वाटलं, ते चूक हाय."

"चूकच व्हती," माय म्हणे. "तिच्यासंगंच तं संसार केला म्या."