चित्राखाली एक्केचाळीस सह्या

विश्वनाथ : तिसरं पान बघ. पहिल्या दोन पानांवर नुसतं इंग्रजी आहे, ती सोड.

अबोली : बाबा, हे तर माझं चित्र आहे!

विश्वनाथ : तुझंच. शंभरात ओळखेन मी.

अबोली : पण असं काळंकुट्ट का झालंय? मी सात रंग वापरले होते. अडचणी सगळ्या लाल काढल्या होत्या, लांबून दिसाव्यात म्हणून.

विश्वनाथ : झेरॉक्स आहे बाळा. तिला लाल कळत नाही. चित्राच्या वर काय छापलंय ते वाच.

अबोली : 'स्थानांतरण पर कर्मचारियों की सहमति.' सहमती? कसली सहमती?

विश्वनाथ : एक तारखेपासून आमचा वाइंडिंग सेक्शन भोपाळहून पीथमपूरला हलवणार, दोनशे किलोमीटर लांब. एक्केचाळीसही जण. जो तिथे हजर होणार नाही, त्यानं नोकरी सोडली असं समजायचं. काल शिफ्ट सुटताना एकेकाच्या हातात दिलं, आणि वर पोचपावतीवर सही घेतली.

अबोली : पण ती मीटिंग तुमचं ऐकून घ्यायला होती ना! एचआरच्या सोनाली मॅडम मला फोनवर म्हणाल्या होत्या, अजून काहीच ठरलेलं नाही, तुम्ही फक्त लोकांचं म्हणणं कागदावर आणा. म्हणून तर मी हो म्हटलं.

विश्वनाथ : मलाही तेच म्हणाल्या. आणि तुझं नाव कुणी सुचवलं? मीच. कॅन्टीनमध्ये छाती फुगवून सांगत होतो, मीटिंग चालू असताना माझी मुलगी भिंतीवर मोठा कागद लावून चित्रं काढते, त्यामुळे बोललेलं कुणी विसरत नाही, मोठमोठ्या कंपन्या बोलावतात तिला. गेलं मॅनेजर नीळकंठ साहेबांच्या कानावर.

अबोली : पण चित्रात 'आम्ही तयार आहोत' असं कुठे आहे? दाखवा मला.

विश्वनाथ : रस्ता आहे.

अबोली : रस्ता माझ्या प्रत्येक चित्रात असतो, बाबा. डावीकडे आज, उजवीकडे उद्या, मध्ये रस्ता. लोकांना पटकन कळतं.

विश्वनाथ : साहेबांनाही पटकन कळलं. डावीकडे भोपाळ, उजवीकडे पीथमपूर, मध्ये बस आणि बसमध्ये आम्ही. माझा तर हातही खिडकीबाहेर काढलायस. हसतोय मी त्यात.

अबोली : थांबा. मी आत्ता सोनाली मॅडमना फोन करते. असं कसं लावू शकतात हे?

विश्वनाथ : आज रविवार आहे.

अबोली : असू दे.

(अबोली फोन घेऊन गॅलरीत गेली. चार मिनिटांत परत आली ती चेहरा पाडूनच, आणि नेमक्या तेव्हा दारात कुसुमकाकू चपला काढत होत्या. बावीस वर्षं विश्वनाथच्या शेजारच्या टेबलावर मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या या काकू अबोलीच्या लहानपणी तिच्या वेण्या घालून द्यायच्या. आता त्यांच्याकडे कसं बघावं, हे अबोलीला कळेना.)

विश्वनाथ : ये कुसुम, बस. काय म्हणाल्या गं मॅडम?

अबोली : म्हणाल्या, चित्र फार सुंदर झालंय. साहेबांनी केबिनमध्ये लावलंय.

विश्वनाथ : आणि सहमतीचं?

अबोली : म्हणाल्या, त्याचा अर्थ काय लावायचा ते मॅनेजमेंट बघेल, तुमचं काम तर झालं ना. शिवाय खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. आणि... पीथमपूरच्या शेडचं उद्घाटन आहे, त्यालाही तुम्हीच या म्हणाल्या.

कुसुम : जा की मग. आम्हाला बसमध्ये बसवलंस, तू पण बस.

विश्वनाथ : कुसुम.

कुसुम : थट्टा करतेय, भाऊ. रडून काय फायदा? सकाळी घरी रडून झालंय माझं.

अबोली : काकू, मी लेबर ऑफिसला येते तुमच्याबरोबर. उद्याच. लिहून देते की ती मीटिंग सहमतीची नव्हतीच. मी स्वतः तिथे होते, मी साक्ष देते.

कुसुम : काय सांगशील तिथल्या साहेबाला?

अबोली : की तुम्ही नाही म्हणालात.

कुसुम : कुठे म्हणाले?

अबोली : मीटिंगमध्ये. उभं राहून.

कुसुम : ते तर मला माहीत आहे, बेटा. दोन वेळा म्हणाले. माझे पती बिस्तरावर आहेत, लकवा झालाय, दुपारी घरी जाऊन मी भरवते तेव्हा जेवतात, मी पीथमपूरला नाही येणार. तू माझ्याकडे बघून मान पण हलवलीस. पण कागदावर कुठे आहे ते? सकाळपासून चष्मा लावून शोधतेय मी.

अबोली : हे... इथे. बसच्या मागे.

कुसुम : वाचून दाखव.

अबोली : 'सफ़र में परिवार का साथ.'

कुसुम : हे माझं आहे?

अबोली : हो.

कुसुम : मला वाटलं आमच्या सेक्शनमधल्या गिरीशचं असेल. तो बायकोला सोबत न्यायचं म्हणत होता.

अबोली : काकू, आम्हाला तसंच शिकवलंय. कुणी नाही म्हटलं तर नुसतं 'नाही' लिहायचं नाही. त्या माणसाला काय हवंय ते शोधायचं आणि ते लिहायचं. नुसत्या नकारांनी भिंत भरली, की समोरचे ऐकणं बंद करतात. मला वाटलं, असं मांडलं तर साहेब तुमचं ऐकतील. मी तुमच्या भल्यासाठी...

कुसुम : मला काही नको होतं गं. मला फक्त जायचं नव्हतं.

विश्वनाथ : तिनं मुद्दाम नाही केलं, कुसुम.

कुसुम : मी कुठे म्हणतेय मुद्दाम केलं? तिला मी कडेवर घेतलंय, भाऊ. आणि सही करताना माझे काय डोळे फुटले होते? पण खरं सांगू? मी वाचलंच नाही. त्या कोपऱ्यात माझं चित्र होतं ना, चष्मा, बांगड्या, हातात कात्री. बावीस वर्षांत त्या कारखान्यात कुणी माझा फोटोसुद्धा काढला नाही. मी तेच बघत राहिले. त्याच्याच खाली सही केली.

अबोली : सह्या करायला मीच सांगितलं. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी सांगते. 'यह तस्वीर आप सबकी है, नीचे अपना नाम लिखिए.' लोकांना चित्र आपलं वाटावं म्हणून असतं ते. बाबा, पहिली सही तुमची होती. तुम्ही तरी वाचलं होतं का?

विश्वनाथ : हो.

अबोली : सगळं?

विश्वनाथ : सगळं. तुझं अक्षर मोठं असतं. कुसुमचं 'नाही' त्यात नाही, हे मला तिथेच दिसलं.

अबोली : मग सही का केलीत?

विश्वनाथ : साहेब टाळ्या वाजवत होते. तू घामाघूम झाली होतीस, बोटं सगळी शाईनं माखलेली, आणि तू मार्कर पहिल्यांदा माझ्यासमोर धरलास. चाळीस माणसांत आपल्या पोरीला म्हणू, की बाई, तुझं चुकलंय? म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी आलो तर तू इतकी खुशीत होतीस, की तेही राहिलं. माझं बघून मग रांगच लागली.

कुसुम : मी तुमच्या मागेच होते, भाऊ.

विश्वनाथ : माहीत आहे.

अबोली : तरी काहीतरी असेल ना. कुणी रेकॉर्ड केलं असेल. एखाद्याच्या फोनमध्ये...

विश्वनाथ : फोन दाराबाहेरच्या टोपलीत होते. लोक मोकळेपणानं बोलतील म्हणून. तुझाच नियम.

अबोली : माझी वही? नाही. वहीत मी काही लिहीत नाही, ऐकलं की सरळ भिंतीवर. आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी टाकत नाही, कुणाला नंतर त्रास नको म्हणून. बाबा, मी आता काय करू? आपण सगळे मिळून नवा अर्ज देऊ या. एक्केचाळीस जणांचा. साफ लिहायचं, आमची सहमती नाही.

विश्वनाथ : सव्वीस जणांनी काल तिथल्या तिथे हजर होण्याचं लिहून दिलं. पोरांच्या शाळा आहेत, हप्ते आहेत, कुणाला दोष द्यायचा?

अबोली : मग राहिलेले पंधरा. तुम्ही तरी आहात ना त्या पंधरात?

विश्वनाथ : मी सव्वीसात आहे. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी. चौघांत एक खोली बघितलीय गिरीशनं. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

कुसुम : बरं केलंत, भाऊ. जाता येत असेल त्यानं जावं. मी भांडायला आलेच नव्हते. अबोली, एक कागद काढ. मला अर्ज लिहून दे.

अबोली : कसला अर्ज?

कुसुम : साहेबांच्या नावानं. हिंदीत लिही. मी पीथमपूरला येऊ शकत नाही, बस.

अबोली : काकू, असं लिहून दिलंत तर ते राजीनामाच समजतील. थोडं वेगळं लिहू? घरची परिस्थिती घालते, इथेच दुसरं काही काम द्या असं विचारते...

विश्वनाथ : अबोली.

अबोली : हो. सॉरी. सॉरी, काकू.

कुसुम : नाही दिला, तरी एक तारखेला मी गैरहजरच आहे. ते लिहितील, बाई न सांगता पळाली. फाइलमध्ये माझा एक कागद तर राहू दे. कुणी वाचणार नाही, मला माहीत आहे. लिही तू.

अबोली : 'महोदय, मैं पीथमपुर नहीं आ सकती.' पुढे?

कुसुम : पुढे काही नाही. नाव आणि तारीख. तारीख उद्याची टाक.

अबोली : उद्याच देणार?

विश्वनाथ : चार दिवस थांब की, कुसुम. एक तारखेपर्यंतचा पगार तरी हातात पडेल.

कुसुम : थांबून काय होईल? रोज सकाळी तेच तेच डोक्यात येतं. उद्या देऊन टाकते. पण दुपारनंतर देईन, भाऊ, सकाळी नाही. टेबलावर दोन कॉइल अर्ध्या गुंडाळून ठेवल्यात. अर्धी कॉइल दुसऱ्याच्या हाताला जमत नाही, ताण कमीजास्त होतो. त्या आधी पुऱ्या करते.