रोहणा गाळून आर्वी

आर्वीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वर्षालीचा नंबर यायला अवकाश होता. शेजारच्या म्हाताऱ्याने मोबाइलवर खेळण्यातली दोन वाफेची इंजिनं काढून बायकोपुढे धरली. कुजबुजणं दोघांच्याही रक्तात नव्हतं.

“सांग, काळं मागवू का हिरवं?”

“काळं बरं दिसते.”

“धूरबी सोडते. पण लंबं हाये, पलंगावर मांडलेल्या रुळाच्या वळणावर घसरन. सीधे रूळ टाका लागन. पुलगावहून निंघालं का डायरेक्ट आर्वी.”

“अन् रोहणा?”

“गाळा लागते.”

“काऊन?”

“रोहणा वळणावर हाये, माह्या उशीजवळ.”

“उशी काढा.”

“मंग मान कुठं ठेवू?”

“हिरव्यानं रोहणा येते?”

“येते. पण ते अगरबत्तीच्या पुड्यावानी दिसते.”

“पुलगाव-आर्वीची खरी गाडी बंद केली तवा मले कोणी इचारलं नाई. आता घरच्या पलंगावरूनबी माहं माहेर उडवून राह्यले तुम्ही?”

“बरं, रोहण्याची पाटी लावतो. गाडी थांबन नाई, शिट्टी मारन.”

“मंग मी का उडी मारू? काळंच घ्या. पुलगाव ते रोहणा सीधे रूळ टाका, अन् आर्वी गाळा.”

“आर्वी? अवं, घर हाये आपलं.”

“मंग गाडी कायले पाह्यजे? आपण इथंच हावो.”

“अन् मी गाडीतून उतरू कुठं?”

“माह्या माहेरी. लग्न झाल्यापासून दोन दिवस तरी राह्यले का तुम्ही तिथं?”

म्हाताऱ्याने बोटाने काळं इंजिन बाजूला सारलं.

“हिरवंच मागवतो,” तो म्हणाला.