दिवेलागणीचं मीठ

त्या दिवशी अर्विंगला गरम वारा सुटला होता, तो संध्याकाळीही थांबला नव्हता. दिवा लावल्यावर मी घरातलं मीठ बाहेर दिलं ते आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी.

मुलाकडे परदेशात, या अर्विंग शहरात, राहायला आलो होतो. सूनबाईनं नुकतंच देवापाशी निरांजन लावलं, तोच शेजारचा इद्रिस वाटी घेऊन दारात. घरी पाहुणे बसलेले, सूप उकळतंय, आणि मीठ संपलेलं.

मला इंग्रजी येत नाही. सूनबाईला म्हटलं, "त्याला सांग, दिवेलागणीला मीठ दिलं की लक्ष्मी जाते. सकाळी ने म्हणावं, हवं तेवढं."

तिनं संकोचत सांगितलं. तो वाटी धरून उभाच.

मला वाईट वाटलं. विचारलं, "गाव कुठलं गं याचं?"

"मोरोक्कोचा आहे, बाबा. आफ्रिकेच्या वरच्या टोकाला. दोन बाजूंना समुद्र, खाली वाळवंट. पण ते लोक स्वतः देशाला मघरिब म्हणतात. म्हणजे सूर्य मावळतो ती जागा."

आमच्या बोलण्यात 'मघरिब' ऐकून इद्रिसनं तिला काहीतरी विचारलं, मग हळूच काहीतरी बोलला. तिला हसू आवरेना.

"काय म्हणतो?"

"म्हणतोय, काका, तुमच्या नियमानं आमचा अख्खा देश अळणीच जेवला असता."