नागू डायवरची गोळी

नागू : दिवे लावाया पायजेत. काळोख पडला.

गिरजा : आत्ता? अवो, आत्ता तर अणशीत गाडी थांबवून लोकांनी भाकऱ्या खाल्ल्या. दुपार हाय ही.

नागू : घाट लागला न्हवं. झाडी दाट हाय. हितं असंच असतंय.

गिरजा : झाडीतनं ऊन पडलंय रस्त्यावर. लख्ख दिसतंय.

नागू : तुला दिसतंय. गाडी चालवतंय कोन, तू का मी?

गिरजा : तुमी. म्हनून तर इचारते. मगाशी गवा आडवा आला, तवा भोंगा का न्हाई दिला?

नागू : गवा?

गिरजा : रस्त्याच्या मधोमध उभा हुता. एवढं थोरलं धूड. त्यानंच उडी मारली म्हनून वाचलो.

नागू : ती सावली हुती.

गिरजा : सावलीला शिंगं असत्यात व्हय?

नारायण : ओ डायवर! गाडी दरीकडं कशाला ओढायलाय? डोंगराच्या अंगानं घ्या की. माझी लेक बसलीय मागं. सातवा लागलाय तिला.

गिरजा : खड्डे हाईत, सावकार. खड्डे चुकवाय लागल्यात.

नारायण : मी डायवरला विचारलं. तू कोण गं बाई?

गिरजा : मी त्यांची बायकू. गिरजा.

नारायण : अस्सं. मी नारायण, सुप्याच्या बाजारात दुकान आहे माझं. ही मोटार सुरू झाल्यापासनं दोन वर्षं कारवारला जातोय मी. पण गाडी अशी दरीच्या काठानं कधी गेली नव्हती बघ. त्याला सांग, आम्हाला काही घाई नाही म्हणून.

गिरजा : सांगते, सावकार. तुमी लेकीकडं बघा… अवो, ऐकलं का? लोकास्नी कळाय लागलं.

नागू : काय कळाय लागलं?

गिरजा : हळू बोला. किती खाल्ल्या?

नागू : काय?

गिरजा : गोळ्या. तुमच्या कोपरीच्या खिशात पुडी घावली मला परवा. काळी, कडू वास येतो ती. अफू वळकू येती मला.

नागू : तरीच. दोन वर्षांत कधी गाडीत बसली न्हाईस, आज कारवारचा समिंदर बघायचाय म्हनून हट्ट धरलास.

गिरजा : किती खाल्ल्या?

नागू : एक.

गिरजा : खरं सांगा.

नागू : सुप्यात एक. कुंभारवाड्यात एक. अणशीत तुमी भाकरी खाल्ली तवा आनि एक. आता गप बस.

गिरजा : तीन! देवा रे. कोन देतंय तुमाला?

नागू : कोन देनार? गाडीचा मालक. डबी ठेवलीया त्यानं टपालाच्या पेटीशेजारी. दोन डायवर हुतो, एक सोडून गेला. चार दिस झाले, मी येकटाच जातोय आनि येतोय. पाठ अशी धरती की खाली उतरता येत न्हाई. गोळी घेतली की पाठ हाय का न्हाई ते बी कळत न्हाई मग.

गिरजा : आनि रस्ता?

नागू : रस्ता पाठ हाय मला. लाकडाच्या लारीवर हुतो तवापासनं. डोळं झाकून सांगतो. हे डावं वळन, मग उजवं, मग…

गिरजा : मग?

नागू : मग…

गिरजा : मग काय? अवो! मान वर करा. हात सुटलाय तुमचा! अवो! नागू! नागू! ए नागू!

नागू : आं? आं!

गिरजा : ओढा! डोंगराकडं ओढा! आनि थोडं!

नारायण : अय्यो! कोण वरडलं? काय झालं? विमल, घट्ट धर बाय!

गिरजा : काय न्हाई, काय न्हाई! दगूड आला चाकाखाली!

नागू : गिरजा. तू नाव घेतलंस माझं.

गिरजा : घेतलं.

नागू : धा वर्षांत कधी घेतलं न्हाईस. उखान्यात सुदीक लाजून पळालीस.

गिरजा : आता काय करू मी? मागलं चाक वाऱ्यावर हुतं. मी वाकून बघितलं. खाली नुसती झाडांची टोकं हुती.

नागू : मला लगनाचं सपान पडलं बघ. तुझ्या आयच्या अंगनात बसलोय…

गिरजा : अवो, इंजन तापलंय. वाफ येतीया. थांबवा गाडी.

नागू : कुठं वाफ?

गिरजा : येतीया मी सांगते तर. ह्या वळनावर झरा हाय, पानी घालून घेऊ. डोंगराच्या अंगाला लावा. आनि. आनि थोडी. बास. आता बंद करा इंजन. ब्रेक ओढा. बसा तुमी निवांत, मी बघते.

नारायण : काय गं, गाडी का थांबली?

गिरजा : सावकार, खाली या जरा. हिकडं, झाडाआड या. तुमच्या संगं बोलायचंय.

नारायण : काय बोलायचंय?

गिरजा : सगळ्यास्नी खाली उतरवा.

नारायण : कशाला?

गिरजा : इंजन बिगडलंय म्हना. न्हाईतर वजन जास्त झालंय म्हना. काय बी सांगा, पन उतरवा.

नारायण : आणि मग? खालचं कद्रा गाव इथनं चार कोस. ही वाघाची वाट. माझ्या लेकीला ह्या पोटानिशी चालत नेऊ मी? तिला कारवारच्या डॉक्टरनीकडं न्यायला निघालोय, अंगावर सूज आहे तिच्या. तू खरं काय ते सांग.

गिरजा : माझं धनी नशेत हाईत. अफू खाल्लीया त्यांनी. तीन गोळ्या.

नारायण : काय बोलतीस तू? मघाशी तर खड्डे म्हणालीस! दगड म्हणालीस!

गिरजा : खोटं बोलले. त्यांची नोकरी जाईल म्हनून बोलले. चौदा मानसं बसल्यात मागं, आनि मी नोकरीचं बघत हुते.

नारायण : थांब, थांब. अफू काय, लारीवाले सगळेच खातात. सवय असते त्यांना. हळू चालव म्हणावं. मी त्याच्या शेजारी बसतो, झोप आली की चिमटा काढतो. अजून सतरा-अठराच वळणं उरली असतील.

गिरजा : मी काय करत हुते अणशीपासनं? तुमी या आनि त्यांच्या डोळ्यात बघा. मग ठरवा.

नारायण : डायवर. ओ डायवर. इकडं बघा बघू जरा.

नागू : कोन? सावकार व्हय. निघूया. पानी घातलं का?

नारायण : इकडं, माझ्याकडं बघा. उजेडात या.

नागू : उजेड कुठाय? झाडी हाय.

गिरजा : बघितलं, सावकार?

नारायण : डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात गं… मी त्याच्या नाकापुढं हात धरलाय आणि हा माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघतोय. उतरा! उतरा रे सगळे! ए तुकाराम, पोरं उतरव आधी! सामान राहू दे वर! विमल, तू थांब, मी येतो धरायला.

नागू : कशापाय उतरवताय? गिरजा, काय सांगितलंस तू त्यास्नी?

गिरजा : सगळं सांगितलं.

नागू : सगळं? मालकाला कळलं तर उद्याच्याला दुसरा डायवर बसंल हितं! परत लाकडं ओढाया जाऊ मी, ह्या पाठीनं? बसा रे आत! कुनी उतरायचं न्हाई! इंजन फिरवायचं हँडल आन. इंजन सुरू कर.

गिरजा : हँडल न्हाई.

नागू : बाकाखाली हाय.

गिरजा : दरीत टाकलं मी ते. मगाशी उतरताना.

नागू : टाकलंस? येडी! हँडल नसलं म्हनून काय झालं? उतार हाय. ब्रेक सोडला की गाडी सुटती, पन्नास पावलांत इंजन धरतंय.

नारायण : ए! हात काढ त्या ब्रेकवरचा! माझी लेक आत आहे अजून! विमल! कुणीतरी धोंडा टाका रे चाकाखाली, धोंडा!

नागू : सरका म्होरनं!

गिरजा : मी न्हाई सरकत.

नागू : कुठं हाईस तू?

गिरजा : हितं. चाकाम्होरं बसलेय.

नागू : खोटं बोलतीस. म्होरं कुनी न्हाई. मोकळा रस्ता हाय.

गिरजा : मी हाय.

नागू : मला दिसंनास.

गिरजा : ठावं हाय मला.

नागू : गिरजा, ऊठ. माझा हात ब्रेकवर हाय. ऊठ म्हनतो ना!

गिरजा : आपल्या बाळीचे डोळे असेच झालते. भात लावायचा दिस हुता. शेजारनीनं अफूची गोळी दिली, तिनं रडू नये म्हनून. सगळ्याच बायका देत हुत्या. मीच चारली, मधात कालवून. बांधावर निजवली. मधी एकदा जाऊन बघितलं तर डोळे हे असे. अर्धे उघडे, बाहुल्या मोहरीएवढ्या. मला दिसलं हुतं. मी म्हटलं, निजूंदे. तेवढा वाफा सरंल.

नागू : तू… तू ताप आला म्हनाली हुतीस.

गिरजा : ताप न्हवता. ब्रेक तसाच धरा. सोडू नका.

नागू : बाळी जाऊन तीन वर्षं झाली, गिरजा. ताप म्हनालीस.

गिरजा : आता खाली या. हळूच. हात द्या तुमचा. हा माझा हात हाय, हितं. हां. पायरी हाय म्होरं.

नारायण : उतरली. विमल उतरली! धोंडे बसले दोन्ही चाकांना. हुश्श… बाई, तू ऊठ आता तिथनं. ऊठ, गिरजा.

गिरजा : उठते. आदी ह्यास्नी हितं बसवते.

नारायण : तो धाकलू म्हणून कुणबी गडी आहे ना, अणशीत चढलेला, तो कांबळ्याची झोळी करायलाय. चौघं मिळून विमलला उचलतो म्हणाला. सूर्य आहे तवर कद्र्याला पोचायचं. तुम्ही दोघं?

गिरजा : ह्यास्नी चालता येनार न्हाई. आमी गाडीत बसतो, बाजूचे पडदे खाली सोडून.

नारायण : वाघ फिरतोय इथं.

गिरजा : व्हय.

नारायण : कद्र्याला पोचलो की माणसं धाडतो मशाली घेऊन. आणि ऐक. मालकाला मला सांगावं लागणार. चौदा जणांचा प्रश्न आहे.

गिरजा : सांगा. मीच सांगितलं म्हनून सांगा.

नागू : सावकार… लेकीला माझं…

नारायण : तू बोलू नको माझ्याशी. आत्ता नको.

(दोन महिन्यांनंतर. दिग्गी गावात, नागूच्या खोपीपुढच्या अंगणात.)

नारायण : कुणी आहे का घरात? मी नारायण. सुप्याचा.

गिरजा : अगोबाई, सावकार! या, या. एवढ्या लांब दिग्गीला? चालत आलासा?

नारायण : हिरड्याच्या खरेदीला आलो होतो खालच्या वाडीत, बैलगाडीनं. म्हटलं बघून जावं. कसा आहे तो?

गिरजा : आता उठून बसत्यात. पयले पंधरा दिस काय सांगू. उलट्या, जुलाब, अंगाची नुसती आग. रातंदिस वरडायचे. खांबाला बांधा म्हनायचे मला, आनि बांधलं की सोड म्हनायचे.

नागू : शिव्या बी दिल्या हिला. सांग की.

गिरजा : दिल्या. आनि बाळीचं तर अजून बोलत न्हाईत माझ्याशी. बोलतील कवातरी.

नागू : बसा, सावकार. विमलताई बऱ्या हाईत?

नारायण : मुलगा झाला. आठव्यातच झाला, मूठभर आहे एवढासा, पण दूध ओढतोय चांगलं. विमल म्हणते, झोळीतनं घाट उतरताना ती सगळा वेळ वर झाडांकडं बघत होती.

गिरजा : देवानं राखलं.

नारायण : गिरजा, त्या दिवशी तुला काही बोललो नाही मी. रागात होतो. नंतर रोज मनात यायचं, ही बाई गप बसली असती तर…

नागू : गाडी चालू हाय व्हय?

नारायण : चालू आहे. चार दिवस बंद होती तेवढीच. हलशीकडचा डायवर आणलाय नवा. सुमारे पंचवीस वर्षांचा असेल.

नागू : संगं दुसरा कोन?

नारायण : कोणी नाही. एकटाच. आता तर मालकानं खेपा वाढवल्यात.

नागू : येकट्यानं न्हाई व्हायचं ते. गोळीबिगर न्हाई व्हायचं, सावकार. कितीबी तरना असूंदे.

नारायण : मला दिसलं ते. गोळ्यांची डबी आहे तिथंच आहे. मी मालकाला जाऊन सांगितलं, तर म्हणाला, तुमचा नागू भित्रा होता. मामलेदाराला अर्ज दिलाय. ते म्हणाले, बघतो.

गिरजा : मग लेकीला आनि नातवाला कारवारासनं परत कसं आनलंसा? एवढ्या तान्ह्या पोराला?

नारायण : त्याच गाडीनं.

गिरजा : त्याच?

नारायण : दुसरी आहे कुठं? बैलगाडीनं तीन दिवस, त्यात पोर असं मूठभर. मी पुढंच बसलो होतो. अणशीच्या चढाला डायवरची मान दोनदा खाली गेली.

गिरजा : भ्या न्हाई वाटलं?

नारायण : वाटलं की. सगळ्या गाडीला वाटत होतं, गिरजा. मागं वळून बघितलं तर सगळे त्याच्या मानेकडंच बघत बसले होते. कुणी बोललं नाही.